मामा, ते टायमिंग माझं होतं

मामा,

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला तीनदा विचारलं, "चहा ठेवू का?" आणि तीनदा तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मला वाटलं, सासरे रागावले. आत जाऊन मी डोळे पुसले. मग प्रकाश हसत आला आणि म्हणाला, "अगं, बाबांना ऐकू येत नाही. समोर उभी राहून विचार." मी समोर जाऊन उभी राहिले, तर तुम्हीच आधी म्हणालात, "चहा? ठेव की. साखर जरा जास्त."

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. दुकानाच्या भागात, गौलीगुड्यात मात्र तुम्ही बहरे उस्ताद होतात. लोक तोंडावर तसंच म्हणायचे आणि तुम्हीही त्या नावाला हात वर करायचात. नांदेडहून, सोलापूरहून, गुलबर्ग्याहून जुन्या पेट्रोल ट्रकांचे डिस्ट्रिब्युटर, इंजिनाला वेळेवर ठिणगी वाटणारे ते डबे, तुमच्याकडे दुरुस्तीला यायचे. कापडात गुंडाळलेले, कधी पिशवीतून, कधी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती. सगळीकडे डिझेल आलं, तरी हौशी लोकांनी सांभाळलेले ते ट्रक तुमच्यासाठी संपले नव्हते. मला त्या कामातलं काही कळत नव्हतं, आणि खरं सांगते, कळून घ्यावंसंही वाटत नव्हतं. मी हिमायतनगरच्या शाळेत फिजिक्स शिकवत होते. घरात बहिरा सासरा आणि त्याच्या नखांतलं काळं ग्रीस, एवढंच मला दिसायचं.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी तुमचा डबा घेऊन दुकानात आले. मलकपेठच्या घरात दुपार जाता जात नव्हती, एवढंच कारण. तुम्ही स्टुलावर बसून एका डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढत होतात. आत मधोमध दांडा, दांड्याला सहा कोपरे, आणि त्या कोपऱ्यांना घासत उघडझाप करणारी दोन छोटी टोकं. तुम्ही त्यांना नुसतं 'पॉइंट' म्हणायचात. "बघ," तुम्ही म्हणालात, "कोपरा आला की उघडले, गेला की मिटले. उघडले की ठिणगी. बस, एवढंच आहे."

मी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं की प्रवाह तुटला की कॉइलमध्ये मोठा दाब तयार होतो. फळ्यावर आकृती काढायचे, बाण काढायचे. प्रवाह तोडणारी ती जागा मी कधी डोळ्यांनी बघितलीच नव्हती. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढी फट. मी तुमची पाटी ओढली, तुमच्याशी बोलायला दुकानात खिळ्याला टांगलेली असायची ती, आणि हिशोब मांडला. सहा सिलिंडर. इंजिन मिनिटाला दोन हजार वेळा फिरतंय. दर दोन फेऱ्यांना सहा ठिणग्या. म्हणजे सेकंदाला शंभर. पाटी तुमच्यासमोर धरली.

तुम्ही वाचलंत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलंत.

"एका सेकंदात शंभर?"

मी मान हलवली.

"हे? हे एवढंसं?" तुम्ही तळहातावरचे ते पॉइंट उजेडात धरलेत. पन्नास वर्षं तुम्ही त्यांची फट लावत होतात आणि ते किती वेळा उघडतात हे तुम्हाला कुणी मोजून सांगितलं नव्हतं. तुमचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. माझाही तसाच झाला असणार, कारण शेजारचा टायरवाला आत डोकावून म्हणाला, "क्या हुआ उस्ताद, सोना निकला क्या?"

त्या दिवसापासून मी रोज आले. सात वर्षं.

तुम्ही मला कधी शिकवतो असं म्हटलं नाहीत. काम करत बोलत राहायचात. पॉइंट घासायचे तर बारीक कानसेने, पॉलिश पेपरने नाही, कारण त्याचे कण आत रुततात. एका टोकावर उंचवटा आणि दुसऱ्यावर खड्डा दिसला तर पॉइंटवर चिडायचं नाही, कंडेन्सर बघायचा. दांडा बोटात धरून बाजूला हलवायचा. हलला तर त्याला धरणारे बुश गेलेत, मग फट कितीही नीट लावा, एका कोपऱ्याला एक आणि दुसऱ्याला दुसरी येणार. झाकणाच्या आत केसाएवढी काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून पळते. कोपऱ्यांना ग्रीस लावायचं ते काडीच्या टोकावर मावेल एवढंच. मी वही आणली तेव्हा तुम्ही ती मिटून ठेवलीत. "लिहू नको. लिहिलं की हात विसरतो."

त्यावरून आपलं भांडण व्हायचं. मी म्हणायचे, तुमच्यामागे हे सगळं जाणार. तुम्ही म्हणायचात, "ट्रकपण जाणारच आहेत की."

दुसरं भांडण कानाच्या मशीनचं. मी तुम्हाला ओढून डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी सांगितलं, आतला कान चांगला आहे, मधल्या कानातली हाडं धरून बसलीत, मशीन लावा. आपण मशीन आणलं. तुम्ही ते लावून दुकानात गेलात आणि संध्याकाळी जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून परत आणलंत. "सगळं ऐकू येतं," तुम्ही म्हणालात, "इंजिन सोडून."

मी चिडून पाटीवर लिहिलं, 'घरातली माणसं बोलतात ते ऐकायला नको का?'

"तू लिहितेस ते कळतं की मला."

मामा, मी त्या दिवशी तुम्हाला हट्टी म्हातारा म्हटलं. पाठ करून म्हटलं. तुम्हाला ऐकू आलं नाही.

तुम्ही इंजिन कसं ऐकता हे मी मग नीट बघितलं. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचात, त्याचं टोक चालू इंजिनवरच्या डिस्ट्रिब्युटरला टेकवायचात, लाकडी मूठ दातांत घट्ट धरायचात आणि डोळे मिटायचात. दातांतून कवटीत, कवटीतून आतल्या कानात. हाडातून आवाज जातो हे मीच पोरांना शिकवलेलं. पण एकदा चांगले कान असलेले मिस्त्री बाजूला उभे राहून अंदाज बांधत असताना तुम्ही डोळे न उघडता बोट वर केलंत आणि म्हणालात, "चौथा कोपरा झिजलाय." उघडून बघितलं तर चौथाच. मला धड्यातली दोन वाक्यं माहीत होती. तुम्ही त्या दोन वाक्यांत आयुष्यभर राहिला होतात.

आता ते सांगते, जे मी तुमच्यासमोर कधी बोलले नाही.

राजिरेड्डी गारूंचा निळा ट्रक. (मोठ्या माणसाला इथे तेलुगूत 'गारू' म्हणतात.) त्यांच्या वडिलांचा. वडील त्यावरून तांदळाची पोती वाहायचे आणि रोज सकाळी पुढचं हँडल मारून तो चालू करायचे. राजिरेड्डी गारू चौऱ्याहत्तर वर्षांचे. जुन्या गाड्यांची रॅली होती रविवारी, आणि त्यांच्या मनात होतं की सगळ्यांसमोर आपणही हँडल मारूनच ट्रक चालू करायचा. पण ट्रकच्या डिस्ट्रिब्युटरला तडा गेला होता. त्यांनी जुन्या बाजारातून दुसरा शोधून आणला, आणि तुम्ही नेमके त्या आठवड्यात आजारी बहिणीला बघायला नांदेडला गेलेले.

मी म्हटलं, मी बघते.

तुम्ही मला डिस्ट्रिब्युटरची ओळख कशी पटवायची ते किती वेळा सांगितलं होतं. आधी कोपरे मोज. मग दांड्याच्या टोकावरचा रोटर बोटाने फिरवून सोड. ज्या बाजूला थोडा वळून स्प्रिंगने परत येतो, ती त्याची फिरायची बाजू. मग दांड्याचं खालचं टोक बघ. मग आतली वजनं उघडून बघ. आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या पट्टीवरचा नंबर. मी सगळ्यात आधी नंबर वाचला. फोनवर त्या कंपनीच्या जुन्या पुस्तकाचं पान शोधलं. नंबर तंतोतंत जुळला. मला इतका आनंद झाला की पुढचं उघडून बघायची गरजच वाटली नाही. पुस्तकात त्या नंबरासाठी जेवढं टायमिंग दिलं होतं तेवढं लावलं, पिस्टन वर पोचायच्या बरंच आधी ठिणगी पडेल असं. बटण दाबलं. ट्रक चालू झाला. मऊ चालला. मी राजिरेड्डी गारूंना फोन करून सांगितलं, "हो गया गारू. शनिवारी या."

शनिवारी सकाळी तुम्ही नांदेडहून थेट दुकानात आलात. पिशवी खाली ठेवायच्या आधी स्क्रूड्रायव्हर घेतलात. ट्रक मागच्या मोकळ्या जागेत चालू होता. तुम्ही दात टेकवले, डोळे मिटले, आणि मान हलवायला लागलात.

"बंद कर," तुम्ही म्हणालात. मी बंद केला. "पुढं आहे. लई पुढं."

मी पाटीवर लिहिलं, 'नंबर जुळतो.' फोनवरचं पान दाखवलं.

"उघडून बघितलंस?"

मी फोनच पुन्हा पुढे केला. तेवढ्यात राजिरेड्डी गारू आले, पांढरा शर्ट, सोबत नात, तिच्या हातात फोन. ते आल्या आल्या बाह्या सरसावून हँडल हातात घेऊन उभे राहिले. तुम्ही बॉनेटमध्ये वाकलेले होतात. त्यांनी मला विचारलं, "मारूं क्या अम्मा?"

आणि मामा, मी म्हणाले, "मारो गारू. सब ठीक है."

तुमचं म्हणणं मी ऐकलं होतं. पण तुमच्या दातांपेक्षा माझ्या फोनवरचं पान मला खरं वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तुम्हाला ऐकू येत नाही याचा मी त्या क्षणी फायदा घेतला.

ते हँडल घालून वाकले. तुम्ही मान वर केलीत, बघितलंत, आणि तुमच्या वयाच्या माणसाने करू नये अशी धाव घेतलीत. त्यांच्या मुठीवर हात ठेवलात. "पहले मैं, गारू."

तुम्ही त्यांना नुसतं थांबवू शकला असतात. मी खूप विचार केला यावर. थांबवलं असतं तर मी नंबर दाखवत भांडत राहिले असते, गारूंसमोरच. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही हँडल धरलंत, अंगठा बोटांच्या विरुद्ध न घेता बोटांच्याच बाजूला ठेवून, नुसता हूक लावल्यासारखा पंजा. आणि खालून वर ओढलंत.

धाड असा आवाज झाला. बटणाने इंजिन वेगात फिरतं म्हणून निभावलं होतं; हाताने हळू फिरताना पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडली आणि इंजिन उलटं फिरलं. हँडलने सगळ्या ताकदीने मागे झटका दिला, तुमच्या उघड्या पंजातून ते सुटलं आणि गरकन फिरून बाहेर पडलं. तुमचा खांदा हलला. तुम्ही दोन पावलं मागे गेलात. हात मात्र शाबूत होता. मूठ वळून धरली असती तर मनगटाचं हाड राहिलं नसतं, आणि राजिरेड्डी गारूंनी मूठ वळूनच धरली होती. मी बघितलं होतं ते.

नातीच्या हातातला फोन खाली आला. तुम्ही हात झटकलात आणि म्हणालात, "माफ करो गारू. टायमिंग मेरेसे गलत लग गया. दो घंटे बैठो, चाय पियो."

मेरेसे.

मी तिथेच उभी होते. मला बोलता आलं असतं. मला तोंड होतं, आवाज होता, दोन्ही कान धड होते.

आत बाकावर तुम्ही डिस्ट्रिब्युटर उघडलात. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही नुसतं माझं बोट धरून बाहेरच्या पट्टीच्या रिव्हेटवर ठेवलंत. पट्टी जुनी, रिव्हेट नवे. कुणीतरी चांगल्या नंबराची पट्टी काढून या दुसऱ्याच अंगावर ठोकली होती. मग आतली बैठक काढलीत. खाली ती दोन वजनं, वेग वाढला की बाहेर फेकली जाणारी आणि ठिणगी आणखी आधी पाडणारी. त्यांच्याखाली काळ्या ग्रीसमध्ये बुडालेला एक बारीक आकडा. तुम्ही तो कपड्याने पुसलात.

"वाच."

मी पाटीवर लिहिलं, '१५.'

"पट्टीवरच्या नंबराच्या आत किती असतं?"

'८.'

"मग? हे आतून पंधरा डिग्री पुढं नेतंय. त्याला तू सुरुवातीलाच एवढं पुढं ठेवलंस." तुम्ही मला रोटर फिरवून सोडायला लावलात. तो बोटाखाली वळला, स्प्रिंगने परत आला. "किती वळला ते बघ. आकडा खोडलेला असला तरी एवढं वळणं कुणी खोडू शकत नाही."

मी पोरांना कोन मोजायला शिकवलेली बाई. तो कोन माझ्या बोटाने त्या दिवशी पहिल्यांदा मोजला.

आपण वजनं धुतली, स्प्रिंगा बघितल्या, पॉइंट घासले, फट लावली. छोटा बल्ब जोडून टायमिंग नव्याने लावलं, पिस्टन अगदी वर पोचता पोचता पॉइंट उघडतील आणि बल्ब लागेल असं. तुम्ही बल्बकडे बघितलंही नाहीत, मला बघायला लावलंत. मग तुम्ही बाहेर जाऊन राजिरेड्डी गारूंचा अंगठा स्वतःच्या हाताने उचलून बोटांच्या बाजूला ठेवलात. त्यांनी ओढलं. पहिल्यांदा नुसता उसासा. दुसऱ्यांदा ट्रक चालू झाला. ते बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि तेलुगूत वडिलांना काहीतरी म्हणाले. मी खाली बसून नट खोलायचे पाने पुसत होते. पुसलेलेच पुन्हा पुसत होते.

त्या संध्याकाळी तुम्ही शटर ओढत असताना मी पाटीवर 'माफ करा' असं लिहिलं. तुम्ही वळायच्या आत पुसून टाकलं.

तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत, घरी नाही, प्रकाशजवळ नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर डिस्ट्रिब्युटर ठेवताना नंबराच्या पट्टीवर चिकटपट्टी लावून द्यायला लागलात. वर्षभर. मी कोपरे मोजायचे, रोटर वळवून सोडायचे, दांड्याचं टोक चाचपायचे, वजनं उघडायचे, आणि मग पाटीवर लिहायचे की हा कशाचा. मग तुम्ही चिकटपट्टी काढायचात. बरोबर असलं तर पुढचा द्यायचात. चूक असलं तरी पुढचाच द्यायचात. एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी डोळे मिटून बघतेय.

दवाखान्यातले शेवटचे तीन दिवस तुमचे डोळे मिटलेलेच होते. पाटीचा काही उपयोग नव्हता. मी पलंगाजवळ बसून बोलत होते, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि मला माहीत होतं की ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. मला काय करता आलं असतं तेही माहीत होतं. तुमच्या कपाळाला हनुवटी टेकवून बोलले असते तर हाडातून गेलं असतं. आतला कान चांगला होता तुमचा. पण सासऱ्याच्या कपाळाला सून हनुवटी कशी टेकवणार? नर्स उभी होती, प्रकाश उभा होता. मी लाजले, मामा. साठी उलटलेली बाई, आणि लाजले. मी हात जोडून बसून राहिले आणि तुम्ही गेलात.

परवा तुमच्यामागचं पुण्यानुमोदन झालं. बुद्धवंदना झाली, लोक जेवले. टायरवाला वाढायला उभा राहिला होता. राजिरेड्डी गारू काठी टेकत आले, तुमच्या फोटोला फुलं वाहिली आणि खुर्चीत बसून राहिले. सगळे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. 

"गारू, उस दिन का टायमिंग मामाने नहीं लगाया था. मैंने लगाया था. हँडल मारो बोलके भी मैंनेच बोला था."

ते म्हणाले, "हौ अम्मा. मेरेकू उसी दिन मालूम हो गया था."

"मामा बोले?"

"नै नै. उन्हो कायकू बोलते?" त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तीस साल से जानता हूं अम्मा मैं उनकू. खुद की गलती हो गई तो उन्हो दो दिन किसी से बात नै करते थे. चाय भी नै पीते थे. उस दिन दो घंटे मैं बाहर बैठके अंदर देख रहा था. तुम नीचे मुंडी डालके काम कर रहे थे, और उन्हो तुमकू देख देखके हंस रहे थे."

मामा, दोन तास तुम्ही हसत होतात आणि मी एकदाही वर बघितलं नाही.